दहा वर्षांचा आयफोन ६एस: अपडेट थांबल्यावर फोन किती चालतो?

फोन बाजारात आला की पहिल्या आठवड्यातच त्याची समीक्षणे येऊ लागतात. कॅमेरा, स्क्रीन, वेग, चार्जिंग यांची त्यांत बारकाईने मोजदाद होते. हा फोन किती वर्षे चालेल या प्रश्नाला मात्र कंपनीच्या आश्वासनापलीकडे काही उत्तर देता येत नाही, कारण ते उत्तर मिळायला मुळात वर्षे जावी लागतात. म्हणून ज्याची कारकीर्द जवळजवळ पूर्ण झाली आहे अशा एका फोनचे समीक्षण करायचे मी ठरवले. ॲपलचा आयफोन ६एस २५ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्या काही देशांत आणि १६ ऑक्टोबर २०१५ रोजी भारतात विक्रीस आला. त्या वेळी त्यात आयओएस ९ ही प्रणाली होती; आज तो आयओएस १५वर थांबलेला आहे. फोन जुना कधी होतो आणि तो जुना झाला हे कोण ठरवते, हे दोन्ही प्रश्न त्याच्या दहा वर्षांच्या प्रवासावरून तपासता येतात.

माझ्यासमोरचा नग ६४ जीबीचा आणि त्याच वर्षी नव्याने आलेल्या रोझ गोल्ड रंगाचा आहे. सध्या तो माझ्या वडिलांच्या वापरात असून फोन करणे, व्हॉट्सॲप, फोटो, बातम्या वाचणे आणि रात्री इअरफोन लावून नाट्यसंगीत ऐकणे एवढे त्याचे काम आहे. इअरफोनचा उल्लेख मुद्दाम केला, कारण पुढच्याच वर्षी आयफोन ७मधून साडेतीन मिलिमीटरची ती गोल खाच गेली आणि वडिलांना नवीन फोन नको असण्याचे ते एक खरेखुरे कारण आहे. आधीचा आयफोन ६ खिशात वाकतो अशी ओरड झाल्यामुळे ६एसला ७००० मालिकेतील अधिक कणखर ॲल्युमिनियम दिले गेले होते, आणि ते कारणी लागले असे म्हणायला हरकत नाही: कडांवर ओरखडे आहेत, पण चौकट सरळ आहे. बोटाचा ठसा ओळखणारे होम बटण आजही पहिल्या स्पर्शाला उघडते. चार्जिंग मध्येच तुटायचे म्हणून एका दुकानदाराने पोर्ट बदलायला सांगितले होते. प्रत्यक्षात खिशातल्या धाग्यांचा आणि धुळीचा दाबून बसलेला बोळा लाकडी टूथपिकने काढल्यावर केबल पुन्हा पूर्वीसारखी ‘टक्’ करून बसू लागली. जुन्या फोनचे निम्मे आजार याच जातीचे असतात.

वेगाविषयी स्पष्ट लिहायला हवे. ए९ ही चिप तिच्या काळात फार पुढची होती आणि आजही फोन लावणे, संदेश लिहिणे, गाणी ऐकणे यांत ती कमी पडत नाही. कमी पडते ती २ जीबी रॅम. व्हॉट्सॲपमध्ये अर्धा संदेश लिहून कॅमेऱ्यात जावे, एखादे बिल टिपावे आणि परत यावे, तर व्हॉट्सॲप पुन्हा पहिल्यापासून उघडते. संदेश बहुधा शाबूत असतो, पण मधला तो कोरा पडदा रोज आठवण करून देतो की दोन कामे एकत्र सांभाळण्याची या फोनची ऐपत संपत आली आहे. मराठी टायपिंग करताना, विशेषतः लांब जोडाक्षरांच्या शब्दांत, बोटाच्या मागून अक्षरे किंचित रेंगाळत येतात. नकाशा आणि फोन कॉल एकाच वेळी चालू ठेवून गाडी चालवायची असेल तर मी हा फोन सोबत घेणार नाही. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा दिवसाउजेडी आजही नीट फोटो काढतो. रात्रीच्या लग्नसमारंभात त्याचे वय लपत नाही.

आता अपडेटकडे. ६एसला २०१५ ते २०२१ या काळात आयओएस ९पासून आयओएस १५पर्यंतच्या सर्व मुख्य आवृत्त्या मिळाल्या आणि सप्टेंबर २०२२मध्ये आलेल्या आयओएस १६ने त्याला वगळले. कागदावर हा सहा बढत्यांचा सरळ आलेख दिसतो. वापरणाऱ्याचा अनुभव तसा सरळ नव्हता. आयओएस ११ने जुन्या फोनची दमछाक केली, त्रुटीही भरपूर होत्या, आणि ‘अपडेट करू नका, फोन स्लो होतो’ हा सल्ला त्या वर्षी घरोघरी पोहोचला. पुढच्या वर्षीच्या आयओएस १२मध्ये ॲपलने नव्या सोयींपेक्षा वेगावर भर दिला. जून २०१८मधील सादरीकरणात आयफोन ६ प्लसवर ॲप ४० टक्क्यांपर्यंत, कीबोर्ड ५० टक्क्यांपर्यंत आणि कॅमेरा ७० टक्क्यांपर्यंत जलद उघडेल असे आकडे कंपनीने दिले होते. ते आकडे मोजून पाहण्याची साधने माझ्याकडे नाहीत, मात्र आयओएस १२ने ६एसमध्ये जान आणली हे त्या काळात तो वापरणारा कोणीही सांगेल. अपडेट म्हणजे फोन मंद होणारच असे मानणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा: मंद होणे किंवा न होणे हा बऱ्याच अंशी कंपनीने त्या वर्षी कशाला प्राधान्य दिले याचा परिणाम असतो.

२०१९च्या आयओएस १३ने १ जीबी रॅम असलेला आयफोन ६ गळाला आणि २ जीबीचा ६एस राहिला. बाहेरून जुळे दिसणाऱ्या या दोन फोनचे भवितव्य तिथे कायमचे वेगळे झाले. दुकानात विकत घेताना रॅमचा हा फरक फारच थोड्यांनी विचारात घेतला असेल. ॲपल तर आयफोनच्या जाहिरातीत रॅमचा आकडा सांगतही नव्हती. आयओएस १५मध्ये फोटोतला मजकूर उचलून घेण्याची सोय आली, पण ती ए१२ किंवा त्यापुढच्या चिपवरच चालत असल्याने ६एसला मिळाली नाही. आवृत्तीचा क्रमांक तोच असला तरी आतला ऐवज सगळ्यांना सारखा मिळत नाही, हे शेवटच्या एकदोन अपडेटांच्या बाबतीत विशेष खरे ठरते.

मुख्य आवृत्त्या थांबल्या म्हणजे फोन उघड्यावर पडला असे लगेच झाले नाही, आणि या समीक्षणात ६एसच्या बाजूने जाणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आयफोनच्या चित्रे हाताळणाऱ्या भागात एक गंभीर छिद्र सापडले. मुद्दाम तयार केलेले एखादे चित्र फोनने नुसते वाचले तरी त्यातून फोनच्या स्मृतीत ढवळाढवळ करता येत होती, आणि निवडक व्यक्तींवरील अत्यंत सराईत हल्ल्यात त्याचा वापर झाला असावा असे ॲपलने स्वतःच म्हटले. नव्या फोनसाठीची दुरुस्ती २० ऑगस्टला आली आणि १५ सप्टेंबरला तीच दुरुस्ती आयओएस १५.८.५ या नावाने ६एसवरही आली. दहा वर्षांपूर्वीच्या फोनला महिनाभराच्या आत असे ठिगळ मिळणे या धंद्यात दुर्मीळ आहे. अर्थात यावरून ६एस नव्या फोनइतकाच सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढू नये. नव्या प्रणालीत बुजवलेली प्रत्येक फट जुन्या प्रणालीत बुजवली जातेच असे नाही. गाजलेल्या आणि हल्ल्यात वापरल्या गेलेल्या फटींनाच तिथे प्राधान्य मिळते.

६एसचे नाव निघाले की २०१७चे बॅटरी प्रकरण टाळता येत नाही, कारण अपडेटविषयी आपल्याकडे आजही जो अविश्वास आहे त्याची मुळे बऱ्याच अंशी तिथे आहेत. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. चिपने एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळते आणि बॅटरी ३० किंवा ४० टक्के दाखवत असतानाही फोन फटकन बंद पडतो. ६एसच्या बाबतीत हे इतके घडू लागले की नोव्हेंबर २०१६मध्ये ॲपलने २०१५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बनलेल्या काही नगांच्या बॅटऱ्या मोफत बदलून देण्याची योजना काढली. त्यानंतर जानेवारी २०१७च्या आयओएस १०.२.१ या अपडेटमध्ये, बॅटरी थकलेली असेल तर चिपचा कमाल वेग आवरता घेण्याची व्यवस्था घातली गेली. फोन बंद पडणे कमी झाले. ते का कमी झाले आणि त्याबदल्यात वेग गेला, हे मात्र ग्राहकाला समजेल अशा शब्दांत कोणी सांगितले नाही.

डिसेंबर २०१७मध्ये रेडिट या चर्चास्थळावरील एका वापरकर्त्याने बॅटरी बदलताच आपला ६एस पुन्हा जलद झाल्याचे दाखवले. पाठोपाठ गीकबेंच ही वेगमापन चाचणी बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्सचे जॉन पूल यांनी वेगवेगळ्या आवृत्त्यांवरील ६एसच्या गुणांचे आलेख मांडले. आयओएस १०.२नंतर ते गुण सरळ पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरलेले दिसत होते. ॲपलने कबुली दिली, २८ डिसेंबरला माफी मागितली आणि वॉरंटीबाहेरील बॅटरी बदलण्याचा अमेरिकेतला दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. मार्च २०१८च्या आयओएस ११.३मध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारे पान आले आणि वेग आवरता घेणे नको असल्यास ते बंद करण्याची मुभाही मिळाली. फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने फेब्रुवारी २०२०मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड लावला. त्याआधी ऑक्टोबर २०१८मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला १ कोटी आणि, गॅलॅक्सी नोट ४वर झेपणार नाही असे अपडेट घ्यायला लावल्याबद्दल, सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला होता.

माझ्या मते त्या अपडेटमागचे अभियांत्रिकी बरोबर होते आणि मौन चुकीचे होते. ऐन रस्त्यात बंद पडणाऱ्या फोनपेक्षा थोडा मंद चालणारा फोन बरा, हे ग्राहकालाही पटले असते. विचारायला हवे होते. त्या मौनाची किंमत अजून मोजली जात आहे. ‘कंपन्या मुद्दाम फोन स्लो करतात’ हे वाक्य ऐकल्यावर सुशिक्षित माणसेसुद्धा सुरक्षेची साधी अपडेट वर्षानुवर्षे पुढे ढकलतात, आणि मग ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होतात तोच सर्वांत असुरक्षित राहतो. याच प्रकरणाचा दुसरा धडा त्याहून उपयोगी आहे. आपला फोन म्हातारा झाला असे समजून हजारो लोकांनी त्या काळात नवीन फोन घेतला असणार, तेव्हा त्यातल्या बहुतेकांना फक्त बॅटरी बदलायची गरज होती.

वडिलांच्या फोनची बॅटरी मी पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या परिसरात एका कारागिराकडून बदलून घेतली. ६एस या बाबतीत सोपा आहे. चार्जिंगच्या खाचेच्या दोन बाजूंचे दोन बारीक पंचकोनी स्क्रू काढून स्क्रीन खालच्या कडेने हळूच उचलावी लागते. आत १७१५ मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी ताणल्या जाणाऱ्या चिकट पट्ट्यांवर बसवलेली असते. त्या पट्ट्या अखंड ओढून काढणे हेच या कामातले खरे कसब. एक तुटली की मागून उष्णता देऊन बॅटरी सोडवावी लागते आणि तिथे ती वाकण्याचा धोका असतो. माझ्यासमोर कारागिराने पट्टी बोटाभोवती गुंडाळत, फोनच्या अगदी समांतर, घाई न करता ओढली. नंतरच्या काही पिढ्यांतल्या आयफोनप्रमाणे ‘हा भाग अस्सल असल्याची खात्री करता येत नाही’ असा संदेश ६एस दाखवत नाही, त्यामुळे बाहेरची चांगली बॅटरी त्यात विनातक्रार चालते. बाजारात निकृष्ट मालही तितकाच आहे. ७० टक्क्यांवरून एकदम २०वर येणारी बॅटरी घेऊन आलेले एक गृहस्थ त्याच दुकानात तावातावाने बोलत उभे होते.

होम बटणाला मात्र हात लावू देऊ नये. ते मूळ बोर्डाशी जोडलेले असते आणि बदलले तर बोटाचा ठसा कायमचा जातो. या बटणाच्या दुरुस्तीवरूनच एक अपडेट फोनच्या जिवावर उठले होते. बाहेर दुरुस्त केलेले आयफोन अपडेट करताना ‘एरर ५३’ दाखवून निकामी होऊ लागले, फेब्रुवारी २०१६मध्ये ओरड झाल्यावर ॲपलने दुरुस्त अपडेट काढून ते फोन पुन्हा जिवंत केले, आणि ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल जून २०१८मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने कंपनीला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. बाहेर बदललेली स्क्रीन अपडेटनंतर स्पर्शाला दाद देत नाही, असे प्रकार त्यानंतरही घडले. म्हणूनच जुना, दुरुस्त केलेला फोन अपडेट करण्याआधी फोटो आणि चॅटचा बॅकअप घेण्याची सवय मी सोडलेली नाही.

बॅटरी बदलली, सुरक्षेची ठिगळे मिळाली, स्क्रीन शाबूत आहे. मग हा फोन निवृत्त कशामुळे होणार? ॲपमुळे. व्हॉट्सॲपने २०२५मध्ये आयओएस १५.१ किंवा त्यापुढची प्रणाली सक्तीची केली, तेव्हा आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस एका फटक्यात बाद झाले. ६एस तेवढ्यापुरता बचावला, कारण तो आयओएस १५वर थांबला आहे. पुढची रेषा आयओएस १६वर आखली गेली की त्या दिवशी तोही बाहेर. आपल्याकडे फोनवर व्हॉट्सॲप चालत नसेल तर घरचे लोक त्याला बंद पडलेला फोनच समजतात. बँकांची आणि यूपीआयची ॲप याहून कडक असतात. जुन्या प्रणालीवर व्यवहार होऊ देण्याची जोखीम बँकेची असल्याने तिने किमान आवृत्ती वाढवत नेणे समजण्यासारखे आहे. वडिलांच्या एका बँकेच्या ॲपने काही काळापूर्वी अपडेट मागितले, ॲप स्टोअरने ते या फोनसाठी नसल्याचे सांगितले, आणि शाखेत विचारल्यावर समोरच्या कर्मचाऱ्याने सहानुभूतीने ‘काका, नवीन फोन घ्या’ एवढेच सांगितले. त्या दिवशी फोनमध्ये काहीही बिघडलेले नव्हते. फोनचा शेवट बनवणाऱ्या कंपनीच्या तारखेने होतो असे आपण समजतो. भारतात तो पुष्कळदा बँकेच्या ॲपच्या तारखेने होतो.

यावर एक अर्धा उपाय ॲप स्टोअरमध्येच आहे. एखादे ॲप त्याच ॲपल खात्यावर पूर्वी कधी घेतलेले असेल, तर जुन्या फोनवर ‘या ॲपची शेवटची चालणारी आवृत्ती उतरवायची का’ असे विचारले जाते. कोऱ्या, नव्या खात्याला ही सवलत सहसा मिळत नाही. म्हणून घरात दुसरा, नवा आयफोन असेल तर हवे ते ॲप आधी त्याच खात्याने त्यावर घ्यावे आणि मग जुन्या फोनच्या ‘खरेदी केलेली ॲप’ या यादीतून उतरवावे. बातम्या, पंचांग, संगीत अशा ॲपना हे पुरते. सर्व्हरच जुन्या आवृत्तीला नकार देत असेल तिथे हा उपाय चालत नाही.

ब्राउझरची गोष्ट याहून अवघड आहे. आयफोनवर सफारी प्रणालीचाच भाग असल्याने प्रणाली थांबली की तीही थांबते, आणि क्रोम किंवा फायरफॉक्स घालूनही उपयोग नाही, कारण आयओएसच्या या आवृत्तीवर त्यांनाही ॲपलचेच वेबकिट हे पाने दाखवणारे इंजिन वापरावे लागते. अँड्रॉइडवर उलट स्थिती आहे. तिथे क्रोम आणि ॲपच्या आत पाने दाखवणारा वेबव्ह्यू हे दोन्ही प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अपडेट होतात. म्हणून कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या अँड्रॉइड फोनवरही संकेतस्थळे बरीच वर्षे नीट उघडतात. अँड्रॉइड ८ आणि ९ला क्रोमची शेवटची आवृत्ती २०२५मध्ये मिळाली, म्हणजे २०१७ आणि २०१८च्या प्रणालींना तोपर्यंत ताजा ब्राउझर मिळत होता. ॲपल जुन्या फोनला दीर्घकाळ अपडेट देते यात औदार्य असेलही, पण सगळे काही एकाच गाठोड्यात बांधल्यावर तसे करणे तिला भागही आहे.

गाठोड्याची ही गंमत वडिलांच्या कौटुंबिक ग्रुपवर रोज सकाळी दिसते. गुलाबी बदामाचा इमोजी आयफोनवर मार्च २०२३च्या आयओएस १६.४मध्ये आला. ६एसवर तो कधीच येणार नसल्याने आत्याबाईंच्या प्रत्येक शुभ सकाळीच्या शेवटी वडिलांना चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते, आणि त्या नेमके काय विचारत आहेत असे त्यांनी मला एकदा गंभीरपणे विचारले होते.

तुलनेसाठी त्याच सुमाराचा एक लोकप्रिय अँड्रॉइड फोन पाहावा. शाओमीचा रेडमी नोट ४ जानेवारी २०१७मध्ये ९,९९९ रुपयांपासून भारतात आला आणि अक्षरशः गल्लोगल्ली दिसू लागला. स्नॅपड्रॅगन ६२५ ही चिप आणि ४१०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी या जोडीमुळे तो वर्षानुवर्षे टिकला. अधिकृतरीत्या त्याला अँड्रॉइड ६वरून ७वर एकच मोठी बढती मिळाली. वरचे एमआययूआय हे शाओमीचे रूप बदलत राहिले, खालची प्रणाली तीच राहिली. त्याआधी सप्टेंबर २०१४मध्ये गूगलने अँड्रॉइड वन ही योजना मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांच्यासह भारतातच सुरू केली होती. स्वस्त फोनला थेट गूगलकडून अपडेट द्यायचे ही कल्पना उत्तम होती, तरी तिचा जम बसला नाही. अडचण साखळीत होती. गूगल प्रणाली काढते, चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपसाठी ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर, जुळवते, मग फोनची कंपनी आपला साज चढवते. यांपैकी चिपवाल्याने हात काढला की पुढचे सगळे अडते, आणि दहा हजारांच्या फोनवरच्या तुटपुंज्या नफ्यात त्यासाठी भांडायला कोणी तयार नसते. २०१७च्या अँड्रॉइड ८मध्ये गूगलने ट्रेबल या रचनेद्वारे चिपचा भाग आणि प्रणालीचा भाग वेगळे केले, तर अँड्रॉइड १०पासून प्रणालीचे काही सुटे भाग प्ले स्टोअरच्या मार्गाने दुरुस्त होऊ लागले. आजच्या लांब आश्वासनांचा पाया या कामात आहे.

अधिकृत वाट संपल्यावर लिनिएजओएससारख्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या प्रणालींचा पर्याय अँड्रॉइडवाल्यांकडे उरतो, आणि ज्याला हौस व वेळ आहे त्याने तो जरूर पाहावा. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा कुलूपबंद भाग, उघडताना फोनमधले सर्व काही पुसले जाते, कॅमेऱ्याचा दर्जा उतरू शकतो आणि बँकेची बरीच ॲप अशा फोनवर चालण्यास नकार देतात, म्हणून वडिलधाऱ्यांच्या मुख्य फोनसाठी मी तो सुचवणार नाही.

परिस्थिती आता बदलली आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३च्या पिक्सेल ८ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४च्या गॅलॅक्सी एस२४ला सात वर्षांची अपडेट जाहीर केली. ॲपलने ब्रिटनमध्ये २०२४पासून लागू झालेल्या कायद्याखाली आयफोन १५ प्रो मॅक्ससाठी लेखी हमी दिली ती किमान पाच वर्षांची. प्रत्यक्षात ती याहून अधिक देते हे ६एसवरून दिसतेच. म्हणजे एकीकडे सात वर्षांचा शब्द आहे आणि दुसरीकडे पूर्वानुभव आहे. यांत मी पूर्वानुभवाला अधिक वजन देतो, पण लेखी शब्दावर तक्रार करता येते हेही खरे. युरोपीय संघात २० जून २०२५पासून, मॉडेलची विक्री थांबल्याच्या तारखेपासून किमान पाच वर्षे अपडेट उपलब्ध ठेवण्याचा नियम लागू आहे. ‘विक्री थांबल्यापासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण आपल्याकडे सणासुदीच्या सेलमध्ये स्वस्त मिळणारा फोन बहुधा दोन वर्षे जुना असतो आणि त्याच्या अपडेटचे घड्याळ पहिल्या विक्रीपासूनच सुरू झालेले असते.

टिकाऊपणामुळे आयफोन स्वस्त पडतो असा युक्तिवाद नेहमी केला जातो, तो हिशोबावर घासून पाहू. १६ जीबीच्या ६एसची भारतातील सुरुवातीची किंमत ६२,००० रुपये होती. दहा वर्षे वापरला तर वर्षाला ६,२०० रुपये पडतात, वर एकदोन बॅटऱ्या. रेडमी नोट ४चे महागातले मॉडेल १२,९९९ रुपयांचे होते. ते तीनच वर्षांत टाकले तरी वर्षाला सुमारे ४,३३३ रुपये. तेव्हा निव्वळ पैशांत आयफोन स्वस्त पडत नाही. ज्यांनी ६एस पुढे उतरलेल्या किमतीत घेतला त्यांचा व्यवहार मात्र खरोखर चांगला झाला. २०१८पासून विस्ट्रॉनने त्याची जुळणी बेंगळुरूत सुरू केली होती, आणि त्या वेळी घेणाऱ्यालाही पुढची आयओएस १५पर्यंतची वाटचाल मिळाली. शिवाय मूळचा १६ जीबीचा नग हा हिशोबच बिघडवतो. प्रणाली आणि व्हॉट्सॲप एवढ्यानेच तो भरतो आणि अपडेटला जागा नाही असे सांगत राहतो. तशा वेळी संगणकाला जोडून अपडेट करावे, त्यात फोनवर कमी मोकळी जागा लागते.

आज ६एस मुख्य फोन म्हणून कोणालाही घ्यायला सांगणार नाही, विशेषतः ज्याचे यूपीआय आणि बँक त्यावर चालायचे आहेत त्याला. घरात असलेला फेकून देण्याचेही कारण नाही. ४जी जाळ्यावरून कॉल करण्याची व्होल्टी ही सोय असल्याने जिओवरही त्यावरून थेट बोलता येते, फोनवर बोलणे आणि गाणी यांसाठी तो पुरेसा आहे, आणि वडिलांचे बँकेचे ॲप आम्ही आता आईच्या नव्या फोनवर हलवले आहे. कोणी हौसेने किंवा इअरफोनच्या खाचेसाठी सेकंडहँड घेणारच असेल तर ६४ किंवा १२८ जीबीचाच घ्यावा, होम बटणावर स्वतःचे बोट नोंदवून ते चालते का हे दुकानातच पाहावे, सेटिंगमधील बॅटरीच्या पानावर टक्केवारीबरोबर वेग आवरता घेतला गेल्याची नोंद आहे का तेही पाहावे, आणि आधीच्या मालकाचे ॲपल खाते फोनमधून काढलेले नसेल तर भाव कितीही कमी सांगितला तरी पैसे देऊ नयेत.